अक्कांचे अकरा पेपर

लॉ कॉलेजच्या पहिल्या दिवशी आमचा अख्खा वर्ग ज्यांच्यासाठी उठून उभा राहिला, त्या बाई शिकवायला आलेल्याच नव्हत्या. त्या दारातून आत आल्या, सरळ तिसऱ्या बाकापाशी गेल्या, पिशवीतून फडकं काढून बाक पुसला आणि बसल्या. आम्ही साठ जण उभेच.

त्यांनी मान वर केली. "बसा की. राष्ट्रगीत लागलंय व्हय?"

धक्क्यानं बसलो ते बसलोच. पुढची तीन वर्षं त्या बाईंनी मला असे धक्के दिले की आमच्या घरात अजून, दुधाचं पातेलं उतू गेलं तरी, "काही नाही, अक्कांचा धक्का" असं म्हणतात.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवणार नाही. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्या पार्किंगच्या जागेत शेजाऱ्यानं गाडी लावली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून भाषण केलं आणि शेजारी शांतपणे म्हणाला, "कायदा वाचलाय का?" त्या एका वाक्यावर मी सीईटी दिली. बायको म्हणाली, "एका स्कूटरसाठी तीन वर्षं?" सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, सकाळचे तेवढेच घराबाहेर राहतील." सकाळी साडेसात ते साडेदहा कॉलेज, मग माझी विम्याची कामं. वर्गात आपणच सगळ्यात थोराड असणार ही एकच धास्ती होती. ती अक्कांनी पहिल्या मिनिटात घालवली. त्या अठ्ठावन्नच्या होत्या.

जाड काचांचा चष्मा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मनगटावर पुरुषी घड्याळ, दाढेत कायम एक लवंग. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, त्यामुळं चिडल्या की अर्धं वाक्य कन्नडमध्ये जायचं. एरवी अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, तशाच त्याही. सगळं कोर्ट त्यांना अक्का म्हणायचं, आणि त्या सगळ्या जगाला पावणं म्हणायच्या. मला तीन वर्षं पावणंच म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या एका टपरीत त्या टायपिंग करायच्या. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. चौतीस वर्षं. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, सगळ्या वकिलांचं सगळं. टपरीसमोर काळ्या कोटांची रांग. वकील उभ्यानं सांगणार, अक्का बसून टाइप करणार. मान वर करायची नाही, तोंडाकडं बघायचं नाही. फक्त दोनच शब्द: "सांगा" आणि "पुढं".

"बघायचं कशाला?" त्या मला म्हणाल्या होत्या. "प्रत्येकाचं बोलणं येगळं आस्तंय पावणं. एक हाय, त्यो खोकला की स्वल्पविराम. एक हाय, त्यानं 'म्हणजे' म्हटलं की म्होरलं वाक्य खोडायचंच आस्तंय. आन एक हाय, त्यो तंबाखू थुकाय गेला की नवा परिच्छेद."

या कामानं त्यांच्या बोटांना एक खोड लागलेली. कुणी बोलायला लागलं की समोर जे असेल त्यावर दहाही बोटं चालायची. बाक, पर्स, मोपेडची सीट. सर शिकवत असले की तिसऱ्या बाकावरून बारीक टकटक यायची. एकदा सरांनी विचारलं, "हा आवाज कसला?" अक्का म्हणाल्या, "तुमचाच हाय सर. उतरून घेतोय."

मग इतकं सगळं येणारी ही बाई वकिलीची सनद घ्यायला का निघाली? ज्यानं त्यानं विचारलं आणि ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळालं. प्राचार्यांना म्हणाल्या, "काळा कोट शोभंल मला." कँटीनवाल्याला म्हणाल्या, "चौतीस वर्सं बसून काम केलं. आता उभं ऱ्हाऊन बगतो." मला म्हणाल्या, "तुमी स्कूटरसाठी आलासा न्हवं? मग मला इचारू नगा."

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा. अक्का माझ्या पुढच्या बाकावर. माझी खात्री होती की या बाई नंबरात येणार. प्रश्नपत्रिका आली. मी लिहायला लागलो. अर्ध्या तासानं पुढं बघतो, तर त्यांची उत्तरपत्रिका कोरी. पेन आडवं ठेवलेलं. आणि दहा बोटं बाकावर टकटक, टकटक. तीन तास. शेवटी त्यांनी तीन पानं कशीबशी भरली आणि उठल्या.

बाहेर मी विचारलं, "अक्का, येत नव्हतं?"

"सगळं येतंय. पण कुणी सांगंना की."

मी हादरलो. मला वाटलं, ही बाई मला कॉपी पुरवायला सांगतेय! मी घाबरून इकडंतिकडं बघितलं आणि कुजबुजलो, "अक्का, मी संसारी माणूस आहे."

"अय्यो!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "तसलं न्हवं ओ पावणं. चौतीस वर्सं कुणीतरी सांगतंय आन मी लिहितोय. आता माझं मला लिहाय बसलं की कानात शुकशुकाट. बोटं वाट बघत बसत्यात."

हा काय प्रकार आहे ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी आपला हसलो. पण अक्का नापास होत राहिल्या. एक पेपर, मग दोन. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी, कारण समोर बोलणारं कुणीतरी असायचं. लेखी आली की शुकशुकाट. एटीकेटीच्या दोरीला लोंबकळत त्या शेवटच्या वर्षापर्यंत आल्या तेव्हा मागं सहा विषय राहिलेले होते.

त्यातच देशाचे फौजदारी कायदे बदलले. कोर्टाच्या आवारात त्या दिवशी सुतकी कळा होती. अक्का आयुष्यभर माणसांना कलमांनी ओळखत आलेल्या. लबाड माणूस दिसला की "चारशे वीस", कुणी गुरगुरला की "पाचशे सहा". तो सगळा शब्दकोश एका दिवसात रद्द झाला. "चारशे वीसचं तीनशे अठरा केलं," त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. "आता लबाडाला 'तीनशे अठरा हाईस' म्हटलं तर त्याला राग तरी यील का?"

कायदा बदलला म्हणून अभ्यासक्रम बदलला, आणि अभ्यासक्रम बदलला म्हणून कॉलेजच्या काचेआड एक कागद लागला. जुन्या अभ्यासक्रमाच्या राहिलेल्या विषयांची ही शेवटची परीक्षा. यात जे सुटणार नाहीत, त्यांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा.

आम्ही दोघं काचेसमोर उभे. अक्कांचे चालू सेमिस्टरचे पाच आणि मागचे सहा. एका परीक्षेत अकरा पेपर. त्यातले चार दिवस असे, की सकाळी एक आणि दुपारी एक. त्यातही एका दिवशी सकाळी जुना दंडविधान आणि दुपारी नवी फौजदारी प्रक्रिया. म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी खून तीनशे दोन आणि जेवणानंतर एकशे तीन.

खिडकीतले क्लार्क समजुतीनं म्हणाले, "अक्का, असू दे. एवढी टपरी चालतीय. कशाला जिवाला त्रास?"

अक्कांची बोटं काचेवर चालत होती. त्यांनी त्यांचंही बोलणं उतरवून घेतलं. मग माझ्याकडं वळल्या. आवाज एरवीसारखाच रोखठोक.

"पुन्ना पैल्यापास्नं म्हंजे मी चौसष्टचा व्हणार. तवर कोण थांबतंय? पावणं, तुमी सांगा. मी लिहितो."

"कोण थांबतंय" हे मला तेव्हा वयाबद्दलचं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून टपरी सुटली की अक्का आमच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर पोहे, टेबलावर पुस्तकं, मी सांगणारा आणि त्या लिहिणाऱ्या. अक्षर छापल्यासारखं. मी बोलायचा थांबलो की पेन थांबायचं. पोह्यांचा घास घेतला की वाक्य अर्ध्यावर लोंबकळायचं. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही रिमोट झालाय."

एकदा माझ्या डोळ्यांवर झापड होती. करार कायदा सांगताना मी बेधडक म्हणालो, "अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करता येतो." पाच मिनिटांनी लक्षात आलं. वही बघितली. तिथं सुबक अक्षरात तेच.

"अक्का, हे चुकलं की. करता येत नाही."

"व्हय. चुकलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या नातवाला बी म्हाईत आसंल."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुमी सांगितलासा."

मी आ वासून बघत राहिलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "टायपिंगच्या क्लासात पैल्या दिवशी शिकिवत्यात. सांगितलं तसं उतरायचं, डोकं लावायचं न्हाई. एकदा एका वकिलाला म्हटलं, सायेब, ही तारीख चुकली वाटतं. त्यो म्हणाला, अक्का, वकील कोण हाय, तुमी का मी? तवापास्नं तोंडाला कुलूप." एवढं म्हणून त्यांनी ती ओळ खोडली. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत खोडली.

माझ्या बायकोनं गॅसपाशी उभ्या उभ्या हा सगळा तमाशा दोन आठवडे बघितला आणि मग जो तोडगा काढला, तो आमच्या प्राचार्यांनाही सुचला नसता. "अहो, परीक्षेत हे कुठं असणार आहेत सांगायला? आणि यांनी सांगितलं तर नापासच व्हायचं. अक्का, चौतीस वर्षं वकिलांचं ऐकलंय तुम्ही. एकेकाचा आवाज कानात असेल की. त्यांनाच सांगू दे ना."

अक्कांची लवंग या गालातून त्या गालात गेली. त्यांनी डोळे मिटले. आणि आमच्या स्वयंपाकघरात एक जाडाभरडा पुरुषी आवाज घुमला, "मे. कोर्टास अर्ज सादर की, करार म्हणजे..." मध्ये एक खोकला. स्वल्पविराम.

सासूबाई देवघरातून पदर सावरत बाहेर आल्या. "कोण पाहुणे आले गं?"

तो वकील वारून नऊ वर्षं झाली होती.

मग काय, आमच्या घरात वकिलांचा बारच भरला. करार कायदा खोकणाऱ्यांकडं. कौटुंबिक कायदा एका बाई वकिलांकडं, ज्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हो की नाही" म्हणायच्या. जुना दंडविधान तंबाखूवाल्याकडं. परिच्छेद बदलताना अक्का खरंच खिडकीकडं मान वळवायच्या. आवाज आला की बोटं चालायची, बोटांमागून पेन. मला कळेना, आपण कायदा शिकतोय की भुताटकी. मुलगी मैत्रिणींना घरी आणेना.

दहा विषयांना दहा आवाज मिळाले. राहिला दिवाणी प्रक्रियेचा. हा सगळ्यात अवघड.

मी म्हटलं, "दिवाणीत तर ज्यांना सगळं कोर्ट थोरले वकील म्हणायचं, ते नावाजलेले होते. तुम्ही त्यांचंच काम सगळ्यात जास्त केलंय ना?"

"व्हय. एकोणीस वर्सं."

"मग त्यांचा आवाज घ्या की."

"बेडा," त्या म्हणाल्या. नको. मग मराठीतही म्हणाल्या, "त्यास्नी न्हाई बोलवायचं."

"पण का?"

त्यांनी वही मिटली, चपला घातल्या आणि पोहे तसेच टाकून गेल्या. आमच्या घरातून कुणी पोहे टाकून गेल्याचं सासूबाईंना ते पहिलंच उदाहरण. त्यांनी मला धारेवर धरलं.

परीक्षा सुरू झाली. अकरा पेपरांच्या त्या दिवसांत अक्का अर्ध्या झाल्या. दोन पेपरांच्या मध्ये जिन्यावर बसून भाकरी-चटणी खायच्या आणि एका वकिलाला कानातून घालवून दुसऱ्याला आत घ्यायच्या. "ह्यो जाईना लवकर," असं एकदा वैतागून म्हणाल्या. हॉलमध्ये त्यांचे ओठ हलताना बघून पर्यवेक्षक दोनदा तपासून गेले. तोंडात लवंगेशिवाय काही सापडलं नाही.

शेवटचा पेपर दिवाणी प्रक्रियेचा. अक्का माझ्या पुढं. प्रश्नपत्रिका वाटली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पेन आडवं. बोटं बाकावर, पण टकटक नाही. नुसती ठेवलेली. वीस मिनिटं. हा एक पेपर गेला की बाकीच्या दहांचा काही उपयोग नव्हता. जुने सहा सुटले असते, पण पदवी हातची जाणार, आणि पुढच्या वेळी ही बाई उभी राहील याचा भरवसा मला नव्हता. मी माझा पेपर विसरून त्यांच्या पाठीकडं बघत होतो. चाळीस मिनिटं झाली. मनात म्हटलं, संपलं.

आणि अक्का मोठ्यांदा म्हणाल्या, "प्रश्न पयला!"

सगळा हॉल दचकला. मागं कुणाचं तरी पेन पडलं. पर्यवेक्षक धावत आले. "ओ बाई, काय चाललंय?"

"काय न्हाई सर. सुरुवात केली."

तो आवाज कुठल्याच वकिलाचा नव्हता. त्यांचा स्वतःचा होता. त्यानंतर त्या पुटपुटत, पण स्वतःच स्वतःला सांगत, घंटा होईपर्यंत लिहीत सुटल्या. पुरवण्या किती घेतल्या ते मोजायचं मला भान राहिलं नाही.

निकाल लागला. अक्का अकराच्या अकरा विषयांत उत्तीर्ण. मी दिवाणी प्रक्रियेत नापास. घरी मी सांगायचा प्रयत्न केला की पेपरातली चाळीस मिनिटं मी दुसऱ्याची काळजी करण्यात घालवली. बायको म्हणाली, "पार्किंग गेलं ना मग?"

पुढचा धक्का सगळ्या कोर्टाला बसला. सनद घेताना लिहून द्यावं लागतं की दुसरा कुठलाही धंदा किंवा नोकरी करत नाही. बरेच जण सही करून मोकळे होतात. अक्कांनी अर्ज भरला त्याच शनिवारी टपरीला कुलूप लावलं आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी नेला. सोमवारी फाटकाबाहेर काळ्या कोटांची रांग, आणि समोर बंद पत्रा. एक ज्येष्ठ वकील कुलूप हलवून बघत होते. अक्का पलीकडून चालत येताना दिसताच सगळे धावले.

"अहो अक्का, माझा स्टे आहे आज! चार ओळी फक्त!"

"मग बोटं हाईत की तुमाला."

"गंमत करू नका. या वयात कुणी धंदा मोडतं का?"

"मोडला न्हाई. लिहून दिलंय," अक्का म्हणाल्या, आणि कोर्टाच्या आत गेल्या. त्या दिवशी कितीतरी तारखा पुढं गेल्या म्हणे.

सनद हातात आल्यावर आठवड्यानं त्यांचा फोन आला. "पावणं, टायपिंग येतंय?"

"दोन बोटांनी."

"बास झालं. या."

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत तोच कॉम्प्युटर होता, आणि खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची. गगनबावड्याकडून पहिल्या एसटीनं आलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी घालून घालून चिरलेला एक हुकूमनामा. अक्का पांढऱ्या साडीत, काळ्या कोटात. कोट घरातही काढला नव्हता.

"तुम्हीच करा की टाइप," मी म्हटलं. "माझ्यानं संध्याकाळ होईल."

"मी हात लावणार न्हाई. लिहून दिलंय. बसा."

मी बसलो. अक्का भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. मे. कोर्टात अर्ज. जुन्या दाव्यातल्या हुकूमनाम्यात लेखनाची चूक झाली आहे, ती दुरुस्त करून मिळावी. मूळ जमीन गट नंबर एकशे चौऱ्याहत्तर, हुकूमनाम्यात पडला एकशे सत्तेचाळीस.

मी एक एक अक्षर शोधत होतो. "म्हणजे दावा जिंकल्या होत्या या?"

"जिंकलेल्या. जमीन हिचीच हाय म्हणून कोर्टानं सांगितलं. हुकूमनामा घिऊन तलाठ्याकडं गेली. तलाठी म्हणाला, म्हातारे, ह्यो गट दुसऱ्याचा हाय. सातबाऱ्याला नाव लागंना. एकवीस वर्सं झाली. पाच वर्सांमागं टपरीवर आली माझ्या, ह्यो कागद घिऊन. तीन वकिलांकडं नेली मी हिला. तिघं बी म्हणाले, अक्का, मेलेल्या मोठ्या माणसाची चूक कशाला उकरता?"

थोरल्या वकिलांची चूक. मी की-बोर्डवरची बोटं उचलली.

"त्यानं एकशे सत्तेचाळीस सांगितलं," अक्का म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, म्हातारीकडं बघत होत्या. "सातबारा माझ्या टेबलावर पडला हुता. त्यावर एकशे चौऱ्याहत्तर. दोन्ही आकडं मी बगितलं. आन म्हटलं, पुढं."

म्हातारीला ऐकू कमी येत असेल असं मला वाटलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं अक्कांकडं मान वळवली.

"बगितलंतीस?"

"व्हय."

"मग तवा का बोलली न्हाईस गं बाई?"

अक्कांनी लवंग चावल्याचा तेवढा आवाज आला. म्हातारी पिशवीवरून हात फिरवत राहिली. ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. तिनं पिशवी अक्कांच्या हातात दिली.

अक्कांनी डोळे पुसले नाहीत. "पावणं, दिवाणी प्रक्रियेचं कलम एकशे बावन्न. लेखनातली चूक कोर्टाला केव्हाही दुरुस्त करता येती. केव्हाही म्हंजे केव्हाही. घ्या."

मी टाइप केलं.

"पुढं. चूक कशी झाली ते. सदर चूक अर्जदाराची नाही. सदर चूक त्यांच्या तत्कालीन वकिलांची एकट्याची नाही. टायपिस्टनं सातबारा पाहिला होता व ती गप्प राहिली." त्यांनी श्वास घेतला. "सदर टायपिस्ट याच आता अर्जदाराच्या वकील आहेत."

माझी दोन्ही बोटं हवेत थांबली. "अक्का... अर्जात असं लिहितात का?"

"न्हाईत लिहीत. म्हणून तर एकवीस वर्सं गेली. सांगितलं तसं उतरा न्हाईतर चुकत आसलं तर बोला."

मी स्क्रीनकडं बघितलं. एकदा, दोनदा. म्हातारीकडं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"मग घ्या पुढं."